बोला की मॅडम, कॅमेरा चालू हाय!

भारतातला पहिला देशी सिनेमा कॅमेरा ज्या गावात घडला, त्या गावात साठ सेकंदांचा व्हिडिओ काढायला कुणी घाबरावं? पण घाबरतात. सगळ्यांत जास्त घाबरतात ती मंडळी, ज्यांचं कामच मुळी समोरच्याला ‘घाबरू नका, मोकळेपणानं बोला’ असं सांगण्याचं आहे. मानसोपचारतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, समुपदेशक. ऑनलाइन सल्ला सुरू झाल्यापासून त्यांच्या नावाच्या पानावर फोटो, पदवी, फी आणि वेळ एवढ्यावर भागेना. ‘ओळखीचा एक छोटा व्हिडिओ टाका’ अशी मागणी आली. तासन्‌तास दुसऱ्याचं ऐकून घेणारा माणूस स्वतःबद्दल एक मिनिट बोलायचं म्हटलं की घामाघूम.

या एका मिनिटाच्या आजूबाजूला गमतीजमती मात्र भरपूर आहेत. व्हिएन्नाचा कोच, कोल्हापूरचा कॅमेरा, दिल्लीचं कलम. पांढरा-तांबडा रस्सा एकदमच वाढतो, आवडेल तो ओढून घ्या.

फ्रॉइडसाहेबांना टक लावलेली चालत नसे

बोलून मन हलकं करण्याचं शास्त्र ज्यानं उभं केलं, तो सिग्मंड फ्रॉइड पेशंटला कोचावर आडवं करायचा आणि स्वतः त्याच्या डोक्यामागं, दिसणार नाही असा बसायचा. त्यामागं मोठं तत्त्वज्ञान असेल असं वाटतं ना? थोडं होतंही. पण १९१३ साली त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय की दिवसाचे आठ-आठ तास माणसं आपल्याकडं टक लावून बघतायत, हे मला सोसवत नाही. म्हणजे आज फ्रॉइडकडं व्हिडिओ मागितला असता तर उत्तर काय आलं असतं, हे सांगायला नको.

खरं तर सिनेमावाल्यांनी विचारून बघितलं होतंच. १९२५ साली हॉलिवूडचा बडा निर्माता सॅम्युएल गोल्डविन यानं गाजलेल्या प्रेमकथांवरच्या चित्रपटासाठी फ्रॉइडला एक लाख डॉलर देऊ केले. फ्रॉइडनं भेटसुद्धा नाकारली. पुढच्याच वर्षी पाब्स्ट या दिग्दर्शकाचा ‘सीक्रेट्स ऑफ अ सोल’ हा मनोविश्लेषणावरचा मूकपट जर्मनीत आला. त्याला सल्ला देणारे कोण, तर फ्रॉइडचेच दोन शिष्य, कार्ल अब्राहम आणि हान्स झाक्स. गुरू नाराज, शिष्य पडद्यामागं.

गंमत पुढंच आहे. फ्रॉइडच्या बोलण्याचं जे एकच ध्वनिमुद्रण सांगितलं जातं, ते ७ डिसेंबर १९३८ रोजी लंडनमध्ये बीबीसीनं केलेलं. जबड्याच्या कर्करोगानं बोलणं अवघड झालेलं, इंग्रजी परकी, आणि सगळा मामला दोनेक मिनिटांचा. त्यात तो काय सांगतो? मी कामाला सुरुवात कशी केली, काय शोधलं, लोकांनी कसा विरोध केला. थोडक्यात, थेरपिस्टनं करून दिलेली स्वतःची ओळख! आयुष्यभर टाळलेलं काम शेवटी करावंच लागलं.

ग्लोरिया आणि तीन पंडित

कॅमेऱ्याकडं बघून ‘मी असा असा काम करतो’ हे सांगणाऱ्या थेरपिस्टांचे पूर्वज शोधायचे तर अमेरिकेतल्या १९६५च्या एका फिल्मपाशी पोचावं लागतं. कार्ल रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस हे तीन दिग्गज. तिघांचे तीन पंथ. तिघांनाही भेटणारी एकच बाई, ग्लोरिया. प्रत्येकानं आधी कॅमेऱ्याला आपली पद्धत समजावून सांगायची, मग ग्लोरियाशी बोलायचं, मग पुन्हा कॅमेऱ्याकडं वळून कसं झालं ते सांगायचं. जगभरचे विद्यार्थी आजही ही फिल्म बघून आपला पंथ ठरवतात. रॉजर्स हळू बोलतो, मान डोलावतो. पर्ल्स डिवचतो. एलिस बोलतच सुटतो.

मराठी वाचकाला यातला एलिस घरचा वाटेल. त्याची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत रुजवली कि. मो. फडके यांनी, खुद्द एलिसशी अनेक वर्षं पत्रव्यवहार करून. अंजली जोशी यांनी तर ‘मी अल्बर्ट एलिस’ ही अख्खी कादंबरी लिहिली. परदेशी मानसशास्त्रज्ञ मराठी कादंबरीचा नायक होतो, हे भाग्य रॉजर्सच्या मान डोलावण्याला काही लाभलं नाही.

दोन सेकंदांत निकाल

१९९३ साली हार्वर्डमध्ये नलिनी अंबाडी (या भारतात जन्मलेल्या) आणि रॉबर्ट रोझेंथल यांनी एक खोडसाळ प्रयोग केला. शिकवणाऱ्या शिक्षकांच्या चित्रफितींतून काही सेकंदांचे तुकडे कापले, आवाज बंद केला आणि त्या शिक्षकांना कधी न भेटलेल्या लोकांना दाखवले. म्हटलं, द्या मार्क. मग हे मार्क त्यांच्याच विद्यार्थ्यांनी सत्राच्या शेवटी दिलेल्या मार्कांशी ताडून बघितले. बऱ्यापैकी जुळले! तुकडा दोन सेकंदांचा केला, तरी जुळणी टिकली. पुढं २००६ साली प्रिन्स्टनमध्ये विलिस आणि टोडोरोव्ह यांनी दाखवलं की अनोळखी चेहऱ्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे मत माणूस सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात करून मोकळा होतो. ते मत बरोबर असतं असं नव्हे हं. फक्त झटकन होतं.

याचा कोल्हापुरी अर्थ असा. केएमटीच्या बसमध्ये उभ्या उभ्या मोबाइल बघणाऱ्या माणसाकडं इयरफोन नसतो. आपण काय बोललो, हे त्याला ऐकूच जात नाही. दिसतो तो चेहरा, खांदे, हात. म्हणून खाली मराठीत अक्षरं द्यावीत. आणि व्हिडिओ सुरू होण्याआधी जे स्थिर चित्र दिसतं, त्यात आपले डोळे अर्धे मिटलेले नाहीत ना, एवढं तरी बघावं. अर्ध्या मिटल्या डोळ्यांचा समुपदेशक झोपेत ऐकत असेल, असं वाटतं.

बाबूरावांचा पडदा, थेरपिस्टचा पडदा

आता आपल्या गावाकडं येऊ. बाबूराव पेंटर, मूळ आडनाव मेस्त्री, जन्म १८९०. घराणं सुतारकामाचं, हात चित्रकाराचा, उपजीविका नाटकांचे पडदे रंगवण्याची. चुलतभाऊ आनंदराव आणि ते मिळून सिनेमा कॅमेऱ्याच्या मागं लागले. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा पुरा केला, तानीबाई कागलकर या गायिकेनं भांडवलाला हात दिला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली ‘सैरंध्री’ आला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. रोज शेकडो दुचाक्या त्याला वळसा घालून जातात आणि एकही मान वर होत नाही.

बाबूरावांची एक करामत थेरपिस्टांनी भिंतीवर लिहून ठेवावी. आयुष्य पडदे रंगवण्यात गेलेल्या या माणसानं सिनेमात आल्यावर रंगवलेले पडदे फेकून दिले आणि लांबी-रुंदी-खोली असलेले खरे सेट उभे केले. शंभर वर्षं झाली त्याला. आणि आज काय चाललंय? बसायला चांगली खरी खोली असताना लोक मागं खोटा पडदा लावतायत! राजारामपुरीत बसलेल्या बाईंच्या मागं स्वित्झर्लंडचा बर्फ. मान हलली की कानाची पाळी गायब, हात वर केला की बोटं डोंगरात विरघळली. मन जागेवर नाही म्हणून जो माणूस तुमच्याकडं येणार, त्याला तुमचा कानसुद्धा जागेवर दिसू नये? साधी भिंत, एक खुर्ची, जमलंच तर एखादं रोप. भिंतीचा पोपडा निघाला असेल तर खुर्ची दोन फूट सरकवा. बस्स.

उजेडाचंही तेच. १९२३च्या ‘सिंहगड’मध्ये बाबूरावांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला, तो काळ दिवसाच्या उन्हात शूटिंग करण्याचा. आता ज्याच्या त्याच्याकडं रिंग लाइट. त्याची गोल बांगडी चष्म्याच्या दोन्ही काचांत उमटते आणि डॉक्टर एकदम जादूगार दिसायला लागतात. त्यापेक्षा खिडकीकडं तोंड करून बसा. खिडकीकडं पाठ केली तर मात्र फक्त काळी आकृती दिसेल, ओळख लपवून साक्ष देणाऱ्या साक्षीदारासारखी. पावसाळ्यात सकाळी दहा ते दुपारी तीन हीच वेळ. जुलैमधल्या कोल्हापुरात त्यानंतरचा उजेड चेहऱ्यावर नुसती उदासी आणतो, आणि उदासी दाखवणं हे पेशंटचं काम.

बाबूराव जाहिरातीतही पुढं होते. चित्रपटाची माहिती आणि फोटो असलेल्या पुस्तिका त्यांनी विसाच्या दशकाच्या सुरुवातीलाच काढल्या, पोस्टरं स्वतः रंगवली. त्यांच्या कंपनीच्या १९२४च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर भारतातल्या शिल्लक राहिलेल्या सर्वांत जुन्या चित्रपट-पोस्टरांत गणलं जातं. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रोफाइल कसं सजवायचं, हे या गावानं तेव्हाच शिकून घेतलं होतं.

मूकपट चालेल, फुटका बोलपट नाही

बोलपट आले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. तिच्यातूनच बाहेर पडलेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्ण्यांच्या साथीनं १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच ‘प्रभात’ काढली होती. तिनं १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ करून मराठीला पहिला बोलपट दिला. पुढच्या वर्षी प्रभात पुण्याला गेली. गेली ती गेलीच, आणि जुन्या कोल्हापूरकरापुढं हा विषय काढलात तर तो अजून पुण्याचा हिशोब मांडायला घेतो.

आवाजानं कंपन्या बसतात, तिथं व्हिडिओची काय कथा. चित्र थोडं अंधूक असलं तरी माणूस बघतो; आवाज घुमला की तिसऱ्या वाक्याला बोट पुढं सरकतं. विशेषतः या कामात. ज्याच्याशी बोलायचं त्याचा आवाज कसा आहे, हेच तर बघायला आलेला असतो माणूस. शे-पाचशे रुपयांचा कॉलरला लावायचा माइक महागड्या मोबाइलपेक्षा जास्त काम करतो. खोली घुमत असेल तर कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला, चित्रात येणार नाही अशी, दोरीवर दोन जाड घोंगडी टाकावीत. आवाज मऊ होतो. आपल्याकडं घोंगड्यांची कमी नाही.

दुसऱ्या मजल्यावरचं शूटिंग

राजारामपुरीतली गल्ली, दुसरा मजला, दवाखान्याची खोली. मॅडम खुर्चीत. साडी इस्त्रीची, हात गुडघ्यावर घट्ट. बारावीतला भाचा मोबाइल पाठ्यपुस्तकांच्या ढिगावर उभा करतोय. पंखा बंद केलाय, म्हणून कपाळावर थेंब.

‘मावशी, बोला आता.’

‘नमस्कार. मी एमए, एमफिल, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असून माझा संज्ञानात्मक वर्तन उपचारपद्धतीमधील...’

खालून भंगारवाला. कट.

‘नमस्कार. मी एमए, एमफिल...’

शेजारच्या कुकरची शिट्टी. कट.

‘मावशी, तुम्ही बातम्या दिल्यासारखं का बोलायलाय? परवा आमच्या आईला झोप लागंना झालती तवा कसं बोलला? तसं बोला की.’

मॅडम हसतात. भाच्यानं रेकॉर्डिंग बंद केलेलंच नसतं. ‘झोप लागत नाही, छातीत धडधडतं, डॉक्टर म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहेत. असं होत असेल तर आपण बसून बोलू. पहिल्या भेटीत मी फक्त ऐकते. काही लिहून घेऊ का, तेही तुम्हाला विचारूनच.’ वीस सेकंदं. खिडकीत कावळा ओरडतो, पण हेच राहतं.

त्या पोराला जे कळलं ते अनेक महागड्या व्हिडिओवाल्यांना कळत नाही. ड्रोनवरून रंकाळा, संथ पियानो, हळूहळू चालत येणारे डॉक्टर, हाताची घडी. अहो, हा नायकाचा प्रवेश झाला! रात्री दोन वाजता पांघरुणाखाली हळूच मोबाइल उघडून थेरपिस्ट शोधणाऱ्याला नायक नको असतो. त्याला एवढंच बघायचं असतं की हा माणूस माझं ऐकून घेईल का, आणि ऐकून हसणार तर नाही ना. पदव्या खाली लिहिलेल्या असतातच. त्या तोंडानं परत वाचून एका मिनिटातली वीस सेकंदं कशाला घालवायची? मराठीत सावकाश बोललं तर मिनिटात शंभर-सव्वाशे शब्द मावतात. तेवढ्यात मी कोणाबरोबर काम करतो, पहिल्या भेटीत काय होतं, आणि सांगितलेलं कुठं जाणार नाही, ही तीन वाक्यं आली की झालं. तुमची बोली कोल्हापुरी असेल तर कोल्हापुरीच राहू दे. कागलचा शेतकरी पुस्तकी मराठी ऐकून सावरून बसतो, मोकळा होत नाही.

आणि हो, नजर. स्क्रीनवरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडं बघत बोललं की बघणाऱ्याला तुम्ही त्याच्या हनुवटीकडं बघताय असं वाटतं. भिंगाशेजारी एक लाल टिकली चिकटवा आणि तिच्याशी बोला. घरात टिकलीचं पाकीट असतंच.

फोटोसुद्धा नको म्हणणारा नियम

इथं थोडा ब्रेक लावा. एमबीबीएस होऊन मानसोपचारतज्ज्ञ झालेल्यांना २००२चे वैद्यकीय आचारसंहितेचे नियम लागू आहेत, आणि त्यात पेशंट मिळवण्यासाठी जाहिरात करायला चक्क बंदी आहे. वर्तमानपत्रात निवेदन कधी देता येतं, याची यादीच आहे: दवाखाना सुरू केला, कामाचा प्रकार बदलला, पत्ता बदलला, काही काळ रजेवर गेलात, परत आलात, दुसऱ्याचा दवाखाना चालवायला घेतलात किंवा फी जाहीर करायची असली तर. लेटरहेडवर किंवा पाटीवर स्वतःचा फोटो छापला तर ती आत्मस्तुती, म्हणजे गैरवर्तन. शरीराच्या आकृत्या मात्र चालतात! म्हणजे दाराच्या पाटीवर मेंदूचं चित्र ठीक, त्या मेंदूच्या डॉक्टरांचं नको. सोशल मीडियासाठी वेगळे नियम असलेली नवी आचारसंहिता ऑगस्ट २०२३मध्ये आली आणि त्याच महिन्यात स्थगितही झाली. मोबाइल आला, रील आलं, नियम अजून पाटीवर. तेव्हा डॉक्टरांनी व्हिडिओत माहिती द्यावी, बढाई मारू नये. ‘हमखास गुण’, ‘सात दिवसांत नैराश्य गायब’ असं म्हणणारा व्हिडिओ दिसला तर तो कुणाचाही असो, पुढं सरकवा.

पेशंटला कॅमेऱ्यासमोर बसवून ‘मॅडममुळं मी बरा झालो’ म्हणवून घेण्याचा मोह तर अजिबात नको. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेत असलेल्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची नीतिसंहिता आणखी पुढं जाते: चालू उपचारांतल्या माणसाकडं शिफारस मागायचीच नाही. तो नाही म्हणू शकत नाही, हे त्यामागचं कारण. विचार करा, ज्याला आपण आपली सगळी गुपितं सांगितलीत त्याला ‘नाही’ कोण म्हणेल?

कॅमेरा ज्यांना घाबरतो

अपवादही आहेत. डॉ. मोहन आगाशे. ‘घाशीराम कोतवाल’मधले नाना फडणवीस म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, पण ते मानसोपचारतज्ज्ञ, पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये शिकवलेले आणि नंतर फिल्म इन्स्टिट्यूटचे संचालकही झालेले. त्यांनी निर्मिती केलेल्या ‘कासव’ या नैराश्यावरच्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. त्याच सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर जोडीनं २००४ साली ‘देवराई’ करून स्किझोफ्रेनिया मराठी घरांत पोचवला होता. ठाण्याचे डॉ. आनंद नाडकर्णी नाटकंही लिहितात, यूट्यूबवरही बोलतात. १९९० साली त्यांनी सुरू केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेचं ‘आवाहन’ हे चॅनेल मराठी मानसतज्ज्ञांनी शिकवणीसाठी बघावं. पियानो नाही, ड्रोन नाही. माणूस बसतो आणि बोलतो.

उरलंसुरलं

टीव्हीवरून उपचार ही करोनाची देणगी नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्कात १९५९ सालीच दोन्हीकडून दिसणाऱ्या टीव्हीवर मानसोपचाराची सत्रं झाली. भारतात ऑनलाइन वैद्यकीय सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वं आली ती २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी.

१९६६ साली एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ नावाचा गप्पा मारणारा प्रोग्रॅम लिहिला. तो रॉजर्सची नक्कल करायचा, माणसाचंच वाक्य उलटं करून विचारायचा. वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीबाई तो बनताना रोज बघत होत्या. तरी त्याच्याशी बोलता बोलता म्हणाल्या, सर, तुम्ही जरा बाहेर जाता का? एलायझाला ना चेहरा, ना व्हिडिओ.

यूट्यूबवर चढलेला पहिला व्हिडिओ, २३ एप्रिल २००५, अवघा एकोणीस सेकंदांचा. प्राणिसंग्रहालयात उभा राहून एक तरुण हत्तींच्या सोंडेविषयी बोलतो. थेरपिस्टांनी लांबीबाबत यातून बोध घ्यावा.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटत असेल तर हे बघा. २०१५–१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दहा टक्क्यांहून जास्त प्रौढांना कुठला ना कुठला मानसिक त्रास आढळला. मानसोपचारतज्ज्ञ मात्र त्या सुमाराच्या अंदाजानुसार लाखामागं एकसुद्धा पुरा नाही, पाऊणच. कोल्हापूरकरांना सरकारी मनोरुग्णालय गाठायचं तर आजही आंबा घाट उतरून रत्नागिरी, तेही १८८६चं. चंदगड किंवा गगनबावड्याच्या माणसाला हातातला मोबाइल त्याहून कितीतरी जवळ पडतो.

म्हणून शेवटी बघणाऱ्यांसाठी. व्हिडिओ आवडला, आवाज पटला, तरी पैसे भरण्याआधी नोंदणी क्रमांक विचारा. मानसोपचारतज्ज्ञाची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं असते, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वसन परिषदेकडं. विचारलं म्हणून खरा माणूस रागावत नाही. आणि व्हिडिओ बघत बसण्याइतकाही धीर उरला नसेल, तर १४४१६ फिरवा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं.